सरांनी पाहिलेली दुकानं

बाजारवाले सर एखाद्या दुकानासमोर उभे राहिले, की आतला दुकानदार गल्ल्यावरून उठायचा. गिऱ्हाईक आल्यावर उठतात तसा नव्हे, घरात साप निघाल्यावर उठतात तसा. सर हात पाठीमागे बांधून, मान किंचित कलती करून दोन-तीन मिनिटं आत बघत राहायचे. मग आम्हा मुलांकडे वळून हलक्या आवाजात म्हणायचे, "पोळ्यापर्यंत." किंवा, "आखाजी बघेल, दिवाळी बघणार नाही." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. एवढं बोलून सर पुढे चालू लागायचे.

जळगावच्या आमच्या शाळेत पाटील आडनावाचे चार मास्तर होते. एक ड्रॉइंगचे, एक पीटीचे, एक नुसतेच पाटील, आणि इतिहास-भूगोल शिकवणारे हे बाजारवाले. त्या वेळी दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाला शेवटी अर्थशास्त्राचे धडे जोडलेले असत. बाकीचे शिक्षक ते "घरी वाचून या" म्हणून उरकायचे. आमचे सर नववीपासूनच त्या धड्यांच्या मागे लागायचे, आणि तेही पुस्तक मिटून. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की इच्छुक मुलांना घेऊन ते बाजारात निघत. इच्छुक म्हणजे ज्यांना घरी जाऊन काम करायचं नसे ते सगळे. त्यात मी पहिली.

"भाव विचारायचा नाही," हा त्यांचा नियम. "भाव कोणीही सांगतो. तुम्ही धूळ बघा." धूळ कुठल्या फळीवर साचलीय, मालकाची नजर मालावर आहे की रस्त्यावर, बाहेरचा पाण्याचा माठ भरलेला आहे का, एवढंच बघायचं. ज्याला कोणीतरी येईल अशी आशा असते तोच माठ भरतो, असं सर म्हणायचे. मागणी म्हणजे काय हे मला आजही व्याख्येवरून आठवत नाही, त्या माठांवरून आठवतं.

पहिलं गेलं ते सीडी-कॅसेटचं दुकान. सरांनी त्याला पोळ्यापर्यंतची मुदत दिली होती, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे कुलूप होतं. आम्हाला भारी मौज वाटली. मग फोटो स्टुडिओ गेला, मग छत्र्यांचं दुकान. चौथ्या वेळेला, बांगड्यांच्या दुकानाचं शटर खाली आलेलं दिसलं तेव्हा, कोणी हसलं नाही. आम्ही गुपचूप त्याच्यासमोरून निघून गेलो.

माझी आई चाळीसगावकडची. तिला हे कळल्यावर तिने हातातलं लाटणंच खाली ठेवलं. "त्या मास्तरनी जीभ काळी शे," ती म्हणाली. "तो बोलस आन् तसंच व्हस. तू त्याना मांगे फिरू नको." मी अर्थातच फिरत राहिले. सर हसले की आम्ही टपून त्यांची जीभ बघायचो. चहानंतर ती तपकिरी असायची, जेवणानंतर विडा खाल्ला की लाल. काळी कधी दिसली नाही, पण म्हणून आमची खात्री कमी झाली नाही.

हळूहळू बाजारालाही ते कळलं. भर दुपारी आम्ही एखाद्या गल्लीत शिरलो, की बोलणं थांबायचं. दोन्ही बाजूंना उघडी दुकानं, आत माणसं बसलेली, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. पंखे तेवढे घरघरत असायचे. सरांच्या चपलांचा आवाज दुकानागणिक जरासा थबकायचा, तेवढ्यात आतलं माणूस श्वास रोखून धरायचं, आणि आवाज पुढे गेला की सोडायचं. कापडवाले म्हातारे शेठजी एकदा स्वतः कप घेऊन बाहेर आले. "मास्टरजी, चाय पिओ," ते हात जोडून म्हणाले, "पर इधर देखो मत." सरांनी चहा घेतला नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, हे त्यांच्या कानाच्या पाळ्यांवरून कळायचं. त्या लाल व्हायच्या.

आणि मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता. आमचंही दुकान होतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्टीलच्या भांड्यांचं. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालायचं मशीन आबांकडे होतं, आणि लग्नसराईत त्याची किरकिर दिवसभर चालायची. हायवेला मोठं दुकान निघाल्यापासून ती किरकिर थांबत चालली होती. सर अजून आमच्या गल्लीत आले नव्हते, पण येणार हे मला माहीत होतं. म्हणून मी रोज शाळेतून आले की स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे हंडे पुसायचे आणि बाहेरचा माठ काठोकाठ भरून ठेवायचे. आबांना वाटायचं, पोरगी किती गुणाची. खरं तर मी कॉपीची तयारी करत होते.

दहावीच्या वर्षी सुपडूभाऊंचं प्रकरण झालं. त्यांचं सायकलींचं दुकान शाळेच्या वाटेवरच होतं. सरांनी त्याला दिवाळीपर्यंतच धरलं होतं. ते आम्ही पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी ओट्यावर, आणि ओट्यावरून ते कुठवर गेलं कोण जाणे. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने माल थांबवला. पंक्चर काढणारा कारागीर दुसरीकडे लागला. दुकान दसऱ्यालाच मिटलं. पुढच्या सोमवारी, तिसऱ्या तासाला, सुपडूभाऊ वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, गिऱ्हाईक कमी व्हतं, पन व्हतं," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही बोलनात, आन् सगळास्नी हात काढी लिधा. आते सांगा, दुकान मरनं, का तुम्ही मारं?"

सुपडूभाऊ थोडा वेळ वाट बघून निघून गेले. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, खडू हातात, आणि फळा कोराच. "हे पुस्तकात नाही, पण लिहून घ्या," ते शेवटी म्हणाले. "पुढे काय होईल असं लोकांना वाटतं, तसे ते आजच वागायला लागतात." आम्ही लिहून घेतलं. माझं अक्षर वेडंवाकडं आलं, कारण जीभ सरांची असली तरी गावभर वळवळली होती ती आमची.

त्यानंतर सरांनी भाकीत करणं सोडलं. फेऱ्या मात्र चालू ठेवल्या. त्यांचं म्हणणं, बघणं सोडलं तर शिकवणार काय? पण लोकांनी आता त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला सुरुवात केली. सर कुठे एक मिनिट थांबले, कुठे तीन, याची चर्चा होऊ लागली. तीन मिनिटंवाल्या एका चपलांच्या दुकानाला महिन्याभरात कुलूप लागलं. सर त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

आमच्याकडे ते आले मे महिन्यात, माझी परीक्षा झाल्यावर, एकटे. टळटळीत दुपार होती. मी स्टुलावर होते, हातात फडकं. समोरच्या पायरीवर सर हात पाठीमागे बांधून उभे. आबांनी त्यांना पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. गल्ली चिडीचूप झाली. दुकानादुकानातून माणसं वाकून बघू लागली. सरांची नजर चकचकीत हंड्यांवरून फिरली, भरलेल्या माठावरून फिरली आणि माझ्या हातातल्या फडक्यावर येऊन थांबली. मला रडूच फुटलं. सगळी कॉपी पकडली गेली होती.

सर रस्त्याच्या मधोमध आले, आणि वर्गातही कधी लावला नव्हता अशा मोठ्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "हे दुकान टिकणार!"

बस्स. आत आले नाहीत, पाणीही प्यायले नाहीत. पण त्या आठवड्यापासून माणसं येऊ लागली. काळ्या जिभेने ज्याला अभय दिलं त्या दुकानातलं भांडं मुलीला द्यावं, असंच जणू ठरलं. नशिराबादहून लोक यायचे. मशीनची किरकिर पुन्हा सुरू झाली. आबांनी सरांच्या नावाने नारळ फोडला.

पुढे मी बी.एड. केलं, धुळ्याच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागले, आणि पेढे घेऊन मेहरूणला सरांच्या घरी गेले. सर निवृत्त झाले होते, वाळले होते. मी पाया पडले आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "सर, आमचं दुकान टिकेल असं तुम्हाला तेव्हा खरंच दिसलं होतं?"

सर मान कलती करून माझ्याकडे बघत राहिले. दुकानांकडे बघायचे तसेच.

"नाही," ते म्हणाले. "तुझ्या आबांचं दुकान मी श्रावणापर्यंतच धरलं होतं. मी खोटं बोललो."

"पण ते टिकलं की, सर! अजून चालू आहे."

"तेच तर." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "माझ्या खोट्याने एक दुकान जगलं. मग आधीची जी गेली, ती जाणारच होती, की माझ्या बोलण्याने गेली? आता हे मला कधीच कळायचं नाही. दुपारी डोळा लागला की शटर ओढल्याचा आवाज येतो. एकामागून एक. सगळ्यात आधी सुपडूचं." त्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि त्यांना लहान मुलासारखं जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. आमचं दुकान वाचल्याचा आनंद मला त्यानंतर पूर्वीसारखा कधी झाला नाही.

मागच्या वर्षी सर गेले. आबांनी दुकान बंद ठेवलं आणि मला घेऊन मेहरूणला आले. अंगणात सुपडूभाऊ उभे होते. आता ते एका गोदामावर राखण करतात. मला त्यांनी ओळखलं. जवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, "सर मनं नाव काढेत का कधी?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांत आधी तुमचंच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारी आबा डोळे पुसत होते. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. "देवमाणूस गेला," ते सुपडूभाऊंना म्हणाले. "त्यांच्या एका शब्दावर माझं दुकान वाचलं."

सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "हां," ते म्हणाले. "शब्दमा ताकद व्हती त्यास्ना." आणि तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले.