फॉर्मवरचा आईच्या आडनावाचा रकाना

माझ्या चुकीमुळे एका चार वर्षांच्या पोरीचा जीव गेला असता.

गेला नाही, कारण तिथे मंगलताई होत्या.

आज सकाळी परभणीहून त्यांच्या मुलाचा मेसेज आला. "काका, आई गेली. झोपेतच." बास, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंगलताई जाधव इकडे आखातात, एगैलाजवळच्या आमच्या दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर होत्या. गेल्या वर्षी रिटायर होऊन गावी गेल्या. मी तिथेच रजिस्ट्रेशनच्या खिडकीत बसतो. नाशिकचा माणूस, तोंड आणि हात दोन्ही फास्ट, फॉर्म नीट वाचायच्या आधीच भरून मोकळा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे स्पॅनिश बोलणारी कुटुंबं यायला लागली. कोलंबिया, व्हेनेझुएला. नवरे तेल कंपन्यांत इंजिनिअर, बायका-पोरं दिवसभर फ्लॅटमध्ये. अरबी नाही, इंग्लिश जेमतेम, हिंदीचा तर प्रश्नच नाही.

बिचाऱ्या खिडकीशी येऊन हातवारे करायच्या आणि आम्ही "नेक्स्ट!" म्हणायचो.

हो, मी पण म्हणायचो.

त्यातलीच एक योलांदा. कडेवर सोफिया, घसा सुजलेला, अंगात सणसणून ताप. पोरीचा सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, अजून आला नव्हता, म्हणून फाइल नावावरून शोधायची होती.

पासपोर्टवर नाव होतं, सोफिया रोहास मेदिना.

आता तुम्हीच सांगा, आपण मराठी माणसं काय धरणार? सोफिया पोरीचं नाव, रोहास बापाचं नाव, मेदिना आडनाव. मी 'मेदिना' टाकलं. फाइल सापडेना. मग दिली नवी बनवून.

त्यांच्याकडे तसं नसतं हो. रोहास हे वडिलांचं आडनाव, मेदिना आईचं. पोर दोन्ही लावतं.

जुनी फाइल 'रोहास'खाली होती. तिच्यावर लाल पेनने लिहिलं होतं, पेनिसिलिनची ॲलर्जी.

माझ्या नव्याकोऱ्या फाइलवर काहीच नव्हतं. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलं.

मंगलताईंची एक सवय होती. सुई भरायच्या आधी औषधाची बाटली आईच्या हातात द्यायची. कुठलीही आई असो, कुठल्याही देशाची. आम्ही हसायचो. "ताई, तिला काय कळणार आहे?"

"नाही कळलं तर नाही कळलं. लेकरू तिचं हाय ना, बघू दे की."

योलांदाने बाटली घेतली, फिरवून वाचली. आणि सोफियाला उचलून थेट भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "नो! नो!"

ताईंनी ट्रे खाली ठेवला. जुनी फाइल हुडकून काढली आणि दोन्ही फाइली माझ्यासमोर आणून आपटल्या.

"कामून रे, अख्ख्या दुनियेनं बापाचं नाव मधी लावावं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

"रडून काय होतंय? परत असं होऊ नये म्हणून काय करतोस ते सांग. आन ती बाई नर्स हाय बरं का. बाटली हातात आल्या आल्या आधी तारीख बघितली तिनं."

मोबाईलवरच्या ट्रान्सलेटरने विचारलं. खरंच नर्स! तिकडे नऊ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेलं. इथे घरात बसून होती.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन मुदीरकडे, म्हणजे आमच्या डायरेक्टरकडे गेल्या. फॉर्मवर आईच्या आडनावाचा रकाना हवा म्हणाल्या.

"सिस्टर, एका मुलीसाठी फॉर्म बदलायचा?"

"हो सर. एका मुलीसाठीच."

चार चकरा मारल्या. पण रकाना आला. मग भिंतीवर स्पॅनिश सूचना आल्या, योलांदाच्या अक्षरात. ताप, लसी, उपाशीपोटी रक्ततपासणी, सगळं. आठवड्यातून एक दिवस ती खिडकीशी माझ्या शेजारी बसून बायकांचं म्हणणं समजावून सांगायला लागली. तेव्हापासून माझं "नेक्स्ट!" बंद झालं.

ताई एवढ्यावर थोड्याच थांबणार! दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, खैतान भागातल्या आपल्या खोलीत योलांदाला नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेसाठी बसवायच्या. ताईंचं इंग्लिश परभणीचं, योलांदाचं कोलंबियाचं. मी एकदा ऐकायला गेलो आणि हसून हसून पोट दुखलं. योलांदाने मक्याच्या जाडजूड गोल पोळ्या आणल्या होत्या.

"अगं माय, ही तर भाकरीच की!" म्हणत ताईंनी त्यावर ठेचा वाढला. योलांदा दोन ग्लास पाणी प्यायली आणि परत मागून घेतला.

पहिल्यांदा नापास झाली. ताई म्हणाल्या, "मी पण झालते." दुसऱ्यांदा पास.

आज लसीकरणाच्या खोलीत तीच असते. सुई भरायच्या आधी बाटली आईच्या हातात देते.

बातमी सांगायला मी तिच्याकडेच गेलो. "ताई" एवढंच म्हणाली आणि खूप रडली. मग डोळे पुसून आमचाच एक कोरा फॉर्म ओढला. शुक्रवारी चर्चमध्ये प्रार्थनेत नाव घ्यायचंय, पूर्ण नाव हवं म्हणाली.

"वडिलांचं आडनाव?"

"जाधव," मी म्हणालो. आणि जीभ चावली. जाधव तर सासरचं! परत तीच घाई, परत तीच चूक.

परभणीला फोन लावून दोन्ही आडनावं विचारली. ताईंचा मुलगा म्हणाला, "आईचं माहेर कदम. पण आजीचं माहेर... थांबा काका, मावशीला विचारतो."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"सोळंके. काका, हे मलाच माहीत नव्हतं."

योलांदाने रकाना भरला. तिच्या त्या गोल अक्षरात.

मंगल कदम सोळंके.

या ताई. ह्या वेळी नाव नीट विचारून लिहिलंय.