पिशवीतले किडे

उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय साठीचं. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पिशवी. थोड्या थोड्या वेळानं ती बाटलीतलं पाणी फडक्यावर शिंपडायची. एकदा ते माझ्या पँटवर उडालं, तशी ओशाळून हसली.

"मासे आहेत का मावशी?" मी विचारलं.

"नाही भाऊ, संत्र्याच्या मुळ्या हायेत. मातीसकट."

तिच्या बागेतली झाडं पिवळी पडून वाळत होती. मुळांना सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे लागले असावेत, असं कोणीतरी सांगितलं होतं. नवरा बाग तोडायला निघाला होता. "आधी तपासून तं पाहू," म्हणून ही नमुना घेऊन प्रयोगशाळेत निघाली होती.

पाचगावच्या पुढे ऊन थेट तिच्या मांडीवर आलं.

"जागा बदलता का भाऊ? उन्हानं मरतीन ते."

"कोण?"

"किडे! मेले तं साहेबाले दिसतीन कसे? थो म्हनन, 'तुमच्या मुळ्या चांगल्या हायेत.'" मग ती स्वतःच खदखदून हसली. "ज्यायनं माही बाग खाल्ली, त्यायलेच पानी पाजून राहिली मी!"

मी उठून तिला सावलीची जागा दिली. माझी बाग असती, तर तिच्या नवऱ्यासारखा मीही ती तोडून मोकळा झालो असतो.

स्टँडवर पिशवी धरायला हात पुढे केला, पण तिनं ती दिली नाही. रिक्षात बसता बसता चालकाला म्हणाली, "सावलीसावलीनं घे गा, पेशंट हाय सोबत."

त्यानं मागं वळून पाहिलं आणि पेशंट शोधत राहिला.