एका हातात मडकं, एका हातात फोन

मोठ्या पडद्याचा फोन घेतला तेव्हा आईनं तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "एवढा पाटागत कशाला आणलास? ह्याच्यावर जेवाय बसायचं हाय व्हय?"

शर्टाच्या खिशात तो अर्धा बाहेर राहायचा आणि गोठ्यात वाकलो की शेणात पडायचा. पँटच्या खिशात घातला तर मोटारसायकलवर मांडीत टोचायचा. आडवं होऊन बघताना डुलकी लागली की थेट नाकावर. निपाणीच्या बाजारात एकदा तो कानाला लावून उभा होतो, तर एका ओळखीच्या माणसानं लांबूनच दाढ कधीपासून दुखतेय म्हणून विचारलं.

पण त्याचा एक गुण मात्र मानावा लागेल. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं. जुन्या फोनवर आक्काचं तोंड तिला वाटाण्याएवढं दिसायचं. ह्याच्यावर ते तळव्याएवढं झालं. आक्का कागलला दिलेली. रोज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्याआधी आई पदरानं काच पुसून ठेवायची.

कोरोनात आमच्या आणि कागलच्या मधला, राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला. त्याच दिवसांत एका सकाळी आई उठलीच नाही. वय झालं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आक्का आणि भावजी गाडीवर नाक्यापर्यंत आले. त्यांच्याकडं पास होता, पण पलीकडच्या राज्याचा. आमच्या बाजूचा वेगळा लागत होता. पोलीस कन्नडमधून समजावत होता, आक्का मराठीतून हात जोडत होती. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. रस्त्यावर आडवी बांधलेली दोरी काही वर गेली नाही.

तिनं तिथूनच फोन केला. "मला सोडंनात. आईचं तोंड तेवढं दाखव. मग मी माघारी जाते."

आमच्यात लेकीनं तोंड बघितल्याशिवाय ताटी उचलत नाहीत. अंगणात जमलेली पंधरा-वीस माणसं तेवढ्यासाठी थांबली होती. न्हाव्यानं माझं डोकं नुकतंच उतरवलं होतं. त्यासाठी काढलेला चष्मा तुळशीच्या कट्ट्यावर राहिला होता. डाव्या हातात आगीचं मडकं दिलेलं. उजव्या हातात फोन.

चुलतभाऊ म्हणाला, "आण हिकडं, मी धरतो."

"तुला न्हाय जमायचं," मी म्हणालो. "ह्याचं लई वेगळं हाय."

आई पुढ्यात झाकलेली होती आणि मला फोनचा मोठेपणा सुटत नव्हता. बायकांचं रडणं फोनमधून उलटं घुमत होतं म्हणून आवाज मी आधीच बंद केला होता. आता कॅमेरा फिरवायचा, की मी न दिसता समोरची आई दिसेल. ते बटण पडद्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात. दोन हात मोकळे असतील तर काहीच नाही. मी अंगठा ताणला, कुठंतरी टेकला असं वाटलं. उन्हानं काच चमकत होती. त्यात आक्काचं तोंड तेवढं मोठं, धुरकट दिसत होतं. ती हमसून रडत होती. रडतीया म्हणजे दिसतंय, असा हिशोब करून मी फोन आईवर तसाच धरून राहिलो. कुणीतरी तोंडावरचं कापड काढलं, पाणी पाजलं, कापड परत ओढलं. मग ताटी उचलली.

सगळं आटोपून, आंघोळ करून मी चष्मा लावला आणि आक्काला फोन केला. नीट दिसलं का, विचारलं.

"तुझं टक्कल दिसलं," ती म्हणाली. "मी वरडत होते, आईला दाखव की रं, आईला दाखव. तू आपला वाकून बघतोयास."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. रडू आलं नाही. रागही आला नाही. डोक्याला वारा लागत होता, तेवढं कळत होतं.

नाका उघडल्यावर आक्का आली. मी दारात पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "केस आलं की रं." चहा पिऊन झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "शेवटी तोंड कसं होतं आईचं?"

"झोपल्यागत," मी म्हणालो. सगळे तसंच सांगतात.

"खोटं बोलू नको. तू माझ्याकडं बघत होतास. मी बघितलंय."

खरंच होतं. कापड काढल्यापासून ओढेपर्यंत मी फोनमध्येच बघत उभा होतो. आई समोर दोन हातांवर होती.

आक्कानं कपबशी बाजूला सारली. आईला आंघोळ कुणी घातली, ते तिनं विचारलं. मी शेजारच्या काकूंचं घर दाखवलं. फोन घरातच ठेवून आम्ही दोघं गेलो. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. आक्का त्यांच्याजवळ बसली, मी दाराला टेकून उभा राहिलो.

"डावा डोळा जरा उघडा ऱ्हायलता," काकू म्हणाल्या. "मी मिटला. हनुवटीला तुझ्यागत खळी पडलीती."

आक्कानं हनुवटीला हात लावला. मीही माझी चाचपून बघितली. तिथं नुसती दाढी होती.