दुबळ्या लोंब्यांची बाजू

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्च्याची पत्रकं छापून आणत, आई घड्या घाले आणि मी ती वाचत मोठी झाले. नव्वदच्या सुमारास, कॉलेजात असताना, मला अंजूरला भाताच्या नोंदी ठेवायचं काम मिळालं.

खाडीकाठच्या एका शेतात आठ वाणांचे आठ वाफे होते. कोणतं वाण कधी फुलतं आणि फुलल्यावर दाणा किती भरतो, हे मोजायचं. त्यावरून संकरासाठी वाणं निवडायची. फुलोऱ्याच्या दिवशी लोंब्यांना दोरा बांधायचा, मग दर चार दिवसांनी त्यातल्या काही कापून दाणे वाळवून तोलायचे. भात संशोधन केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं, "हाताला येईल ती बांध. निवडायची नाही."

शेत ज्या काकींचं, त्यांचं घरचं बियाणं सगळ्यात आधी फुललं. खाऱ्या मातीत तगणारं, त्यांच्या सासूकडून आलेलं. गुबगुबीत लोंब्या खुशाल ऊन खात होत्या आणि आतल्या बाजूला, सावलीत, खुरटलेल्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. दोरा कोणाला बांधायचा, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. खुरट्यांना शोधशोधून बांधला. बाकीचे सात वाफे पुढे एकदमच फुलले. तिथे न्याय करायला वेळच मिळाला नाही.

शेवटचं वजन झालं, तेव्हा काकींचं वाण सगळ्यात हलकं. साहेबांनी यादीतून त्याचं नाव काढायला पेन उघडलं.

"माझा दाणा फुसका न्हाय, साहेब," काकी म्हणाल्या. "शिजवून बघा."

"काकी, इथे चव नाही, वजन लागतं."

मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी उघडलेलं पेन मिटलं. काकी खो-खो हसल्या.

"अगो बाय, गरिबांची बाजू घेतलीस नि माझ्या अख्ख्या वाफ्याला गरीब केलंस!"

साहेबांनी वाण ठेवलं, माझं त्या वाफ्याच्या नोंदींचं पान रद्द केलं. "कारण लिही," म्हणाले. मी अर्धं पान लिहिलं; त्यात सावली होती, विषमता होती, व्यवस्थाही होती. साहेबांनी सगळं खोडून एक ओळ ठेवली: 'नोंद घेणारीने लोंब्या निवडल्या.' खाली सही माझी. इतकं परखड पत्रक आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

पुढच्या हंगामात काकींच्या वाफ्यात दर पाचव्या लोंबीला दोरा, असं ठरलं. मोजायला काकी स्वतः माझ्यामागे चिखलात उतरल्या. एका मरतुकड्या लोंबीपाशी माझा हात रेंगाळला.

"ती तिसरी हाय," मागून आवाज आला. "चल पुढं. तोंडं बघत बसू नको."

त्या वर्षी काकींचं वाण वजनात तिसरं आलं आणि संकरासाठी निवडलं गेलं. "पहिलंच यायचं," असं काकी आजही म्हणतात, माझ्याकडे बघून.