पंचगव्य तुम्ही घ्या

“कुणाचं पोर पाडून आलीस गं रांडे?”

श्राद्धाची पंगत बसली होती. ब्राह्मण पाटांवर, इनामदार सोवळं नेसून उभे, आणि माझ्या हातात वरणाचं भांडं. इनामदारांनी हे मला विचारलं. ओरडून विचारलं. तोंडाशी गेलेले घास तिथंच थांबले.

मी खाली पाहिलं. विधवेच्या लाल आलवणावर डाग दिसत नाही. धुतलेल्या फरशीवर दिसतो. माझ्या पावलाशी रक्ताचे दोन थेंब पडले होते.

मी त्या घरची स्वयंपाकीण. वय पन्नास. बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी नवरा गेला, त्याच्यामागे डोक्यावरचे केस गेले. कोल्हापुरात अशा बाईला एकच काम, लोकांच्या चुली. त्यातही मला मागणी होती, कारण माझी पाळी तीन वर्षांपूर्वी गेली होती. महिन्याचे तीसही दिवस सोवळ्यात राबणारी बाई. इनामदारांना अशीच हवी होती. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, अंगावरून महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस जायचं. त्या बाजूला कांबळ्यावर बसून असायच्या. मला ठेवताना पाळी गेल्याची खात्री वहिनींनीच करून घेतली होती. वहिनींच्या अंगावरून जाण्याला घरात अशक्तपणा म्हणत. वैद्य काढे देत.

माझे दोन थेंब मात्र पाप झाले.

सगळा स्वयंपाक नदीत टाकायला काढला. मला परसात गोठ्यापाशी उभं केलं. भटजींनी तिथंच निवाडा दिला. आठव्या दिवशी चार ब्राह्मणांसमोर पाप कबूल करायचं, पंचगव्य प्यायचं, मग घरात घ्यायचं की नाही ते पाहू. कबूल केलं तर जन्माची बदफैली. नाही केलं तर कुठल्या घरात चूल नाही. वहिनी खिडकीत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. तुम्ही तरी बोला, एवढंच मनात म्हणत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

खरं सांगते, पहिला आळ मीच माझ्यावर घेतला. दोन महिन्यांपूर्वीही असाच एक डाग दिसला होता. कुठल्या तरी जन्मीची विटाळातली शिवाशिव भोवतेय असं वाटलं आणि ऋषिपंचमीचा उपास मी पाणीसुद्धा न पिता केला. कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर अगदी शेवटच्या पायरीला बसून चिंधी धूत होते. मूळची गडमुडशिंगीची अमिना तिथं धुणं घेऊन आली होती. पिंजाऱ्याची बाई, पेठेतल्या गरिबांची बाळंतपणं करायची. तिनं पाणी लाल झालेलं पाहिलं. मी म्हटलं, शिवू नकोस. ती खेटून बसली. मग मी सगळं सांगून टाकलं.

“आक्का, गेल्यालं परत आलं म्हंजे ती पाळी न्हाय. दुखणं हाय. पाप कशाचं?”

“मी पाडलं म्हणतात गं.”

“पाडल्यालं मला कळत न्हाय व्हय? लई बघितल्यात. ऊठ, डाक्टरीणबाईकडं चल की.”

महाराजांच्या सरकारी दवाखान्यात बायकांसाठी बाई डॉक्टर होत्या. टेबलावर आडवं व्हायला लागलं. मरणाची लाज वाटली. नवऱ्यानंही कधी उजेडात पाहिलं नव्हतं. बाईंनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी मांसाचा कोंब आला होता. दोन दिवसांनी तो काढला आणि वाडग्यात ठेवून मला दाखवला. हरभऱ्याएवढा होता.

“हे तुमचं पाप,” त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून म्हणाल्या, “हा साधा निघाला. पण पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी दाखवायचं. कधी कधी आत जिवावरचं असतं. बायका लाजतात आणि मरतात.”

मी वाडग्याकडे बघतच राहिले. एवढ्याशा मांसापायी माझ्या पन्नास वर्षांच्या अब्रूची माती केली होती. मला रडू आलं नाही. राग आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर नाही, दुसऱ्यावर आला.

आठव्या दिवशी गेले. चार ब्राह्मण बसले होते. पुढं वाटीत पंचगव्य.

“बोल,” इनामदार म्हणाला. मनातल्या मनात त्याचं अहोजाहो मी तिथंच सोडलं.

“मला कोंब आला होता. डॉक्टरीणबाईंनी काढला. पोर नाही, पाप नाही. पंचगव्य तुम्ही घ्या. विटाळलीय ती तुमची जीभ.”

त्यानं हात उगारला. मी हलले नाही. मग त्यानंच हात खाली घेतला.

“चालती हो! या पेठेत तुला कुणी चूल देणार नाही.”

नाहीच दिली. मी दवाखान्यात आया म्हणून लागले. ब्राह्मणाची विधवा सगळ्या जातींच्या बायकांचं हागणं-मुतणं काढते म्हणून गावभर बोभाटा झाला. झाला तर झाला.

गेल्या महिन्यात टांगा आला. आत वहिनी, पांढऱ्याफटक. बरोबर तो इनामदार. मला खिडकी आठवली. तरी हात धरून मीच त्यांना आत नेलं. रक्त जाणाऱ्या बाईला मी दारात उभी करत नाही. मग दारात परत आले. बरोबरच्या माणसाला विचारून बाईंना सांगायचं, हे माझंच काम.

“काय होतंय त्यांना?”

“अशक्तपणा आहे.”

“नीट सांगा.”

ओसरीवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. तो जवळ येऊन पुटपुटला.

“ऐकू येत नाही. पंगतीत तर चांगला खणखणीत आवाज होता तुमचा.”

“अंगावरून जातंय!” तो ओरडलाच. सगळ्या माना वळल्या.

“पाप की दुखणं?”

“दुखणं.”

“आणि माझं?”

त्यानं मान खाली घातली. पाठ फिरवून टांग्यात जाऊन बसला.

संध्याकाळी बाई मला रागावल्या. दवाखाना सूड घ्यायची जागा नाही म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. पण त्या रात्री मला जशी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

वहिनींना औषधासाठी अजून पाच आठवडे यायचंय. त्या थेट आत जातील, त्यांचं सगळं मी करीन. तो दारात थांबेल आणि मी दर खेपेला तेच विचारीन, माझं पाप की दुखणं? उत्तर मला दवाखान्याच्या दारात नकोच आहे. त्या दिवशी पंगतीत जेवढे होते तेवढ्यांना त्यानं बोलवायचं, आणि तेवढ्याच मोठ्यानं द्यायचं. दिलं तरी माफी मिळणार नाही.