दादाच्या कोटाचं अस्तर

माझा दादा एक नंबरचा हट्टी. जन्मभर लोकांच्या खुर्च्या आणि सोफे मढवले, पण घरचा सोफा फाटला की म्हणायचा, "गिऱ्हाइकाचं आधी." त्याचा टाका बघायला दुसरे कारागीर दुकानात यायचे. मग हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं आणि दादा घरी बसला. बसला म्हणजे बसलाच, दाराबाहेर पाऊल नाही.

वहिनी हवालदिल. तेवढ्यात वस्तीच्या मंडळाने जाहीर केलं, की सगळ्यांना राजवाडा दाखवायला नेणार, अगदी मोफत. वहिनीने परस्पर आम्हा तिघांची नावं देऊन टाकली.

"फुकटात? मी काय भिकारी आहे?" दादा उसळला.

"राजाला काही कमी पडत नाही तुझ्यामुळे," मी म्हटलं. "चल मुकाट्याने."

आला एकदाचा, ठेवणीतला कोट घालून. दारात सगळ्यांना पिवळे स्टिकर वाटले, मोफतवाले पाहुणे ओळखू यावेत म्हणून. आम्ही छातीवर लावले. दादाने इकडेतिकडे बघून हळूच कोटाच्या आत चिकटवला. मी आणि वहिनीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हटलं, घराबाहेर पडला ना, पुष्कळ झालं.

आणि आत गेल्यावर तो खरंच खुलला. पडद्यांच्या झालरींना नावं ठेवली, वहिनीची थट्टा केली. कितीतरी दिवसांनी त्याचा तो जुना आवाज ऐकला. मग दरबाराचं दालन आलं. दोरीपलीकडे लाल मखमलीच्या खुर्च्या. आता सोफेवाल्याला खुर्ची दिसली की तो आधी काय करतो? बैठक दाबून बघतो, आतली स्प्रिंग धड आहे का ते. हात शिवशिवले, दादा दोरीवरून वाकला आणि त्याने राजाच्या खुर्चीवर पंजा दाबला.

अशी काही घंटा वाजली म्हणता! पहारेकरी धावत आला. "कोणाबरोबर आलात तुम्ही?"

मंडळाच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हाला पुन्हा कोणी कुठे बोलावेल का, हेच सगळ्यांच्या मनात. दादाने आमच्याकडे एकदा पाहिलं.

"एकटाच आलोय," तो म्हणाला. "यांचा माझा काही संबंध नाही."

आमच्यावर येऊ नये म्हणून चक्क खोटं बोलला.

"मग तिकीट दाखवा."

तिकीट कुठलं असायला! पहारेकऱ्याने दादाचा दंड धरला आणि वहिनीला राहवेना. "अहो, आमचेच आहेत हे! हा बघा स्टिकर," म्हणत तिने भर दालनात नवऱ्याचा कोट सताड उघडला.

स्टिकर होताच. पण अस्तराला हे एवढं मोठं ठिगळ, सोफ्याच्या कापडाचं, गुलाबी फुलांचं. मागे कोणीतरी फिस्कन हसलं. दादाने घाईने कोट मिटला, बटण लावायला गेला, तर ते लागता लागेना आणि सगळे बघतायत. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्याचं काय झालं असेल! पहारेकऱ्याने समज देऊन सोडलं. घरी आल्या आल्या दादाने कोट कपाटात कोंबला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी वहिनीला चांगलं झाडलं. "चारचौघांत कोट उघडतात का गं?"

"मग काय धरून नेऊ द्यायचं होतं?" तीही भडकली. "आणि ठिगळाची कसली आलीय लाज!"

आज मंडळाच्या बाई दारात आल्या. आता चित्रांचं दालन बघायला जायचंय, तिघांची नावं लिहू का, म्हणाल्या. दादाकडे बघायची आम्हा दोघींची हिंमत होईना.

"तिथे खुर्च्या आहेत?" जमिनीकडे बघत त्याने विचारलं.

"नाही हो, नुसती चित्रं."

"मग लिहा."

बाई गेल्यावर त्याने कोट आणून वहिनीच्या मांडीवर टाकला. "आधी हे ठिगळ काढ. तू लाव नीट." आणि आत निघून गेला.

वहिनीचा चेहरा फुलला. कात्री घेऊन बसली, कोट उलटा केला आणि थांबली. मी वाकून पाहिलं. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच दोऱ्याचा गुंता, एक कडा तर तशीच सुटलेली. शिकाऊ पोरानेही असलं काम दिलं नसतं. आमच्यापासून लपून दादाने ते स्वतः शिवलं होतं.

"मला वाटलं, ठिगळाची लाज वाटली त्यांना," वहिनी म्हणाली. "त्यांचे हे टाके मी सगळ्यांना दाखवले गं."

तिने कात्री खाली ठेवली. उसवायला तिचा हात होईना.