शेजारची जागा

जर्मनीतल्या आखन शहरात मी नवी होते. अर्ध्या रिकाम्या बसमध्ये सवयीने एका बाईंच्या शेजारी जाऊन बसले. इथे असं कोणी करत नाही. त्या दचकल्या, मग हसून त्यांनी पिशवी आवरली. जॉर्डनमधल्या अम्मानच्या होत्या. बौद्धिक अपंगांबद्दल लोकांना काय वाटतं, हे मोजणारी अरबी प्रश्नावली इथल्या विद्यापीठात बनवत होत्या.

“अशा माणसाशेजारी बसाल का, विचारलं की सगळे हो म्हणतात,” त्या सावकाश जर्मनमध्ये म्हणाल्या. “माझा भाऊ तसाच आहे. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहायची, मी बसेपर्यंत.”

त्यांचा स्टॉप आला. उठताना म्हणाल्या, “आता त्याच्या शेजारी कोण बसत असेल?”

त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मी अजूनही कुणाच्या तरी शेजारीच बसते. लोक पिशव्या आवरतात, हसत मात्र कुणी नाही.